चांदणीला चिकटलेले प्रत्यय

`**'केसरी'**मध्ये` असं लिहिलं की मार्कडाउन नावाची लेखनपद्धत रुसते. 'केसरी' ठळक व्हायचं राहतं आणि चारही चांदण्या जशाच्या तशा उमटतात. (स्टारला मी चांदणी म्हणते, सवय आहे.) इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हा त्रास फारसा होत नाही, त्यांच्याकडे शब्द संपला की मोकळी जागा येते. आपल्याकडे 'मध्ये', 'ने', 'चा', 'ला' ही मंडळी नावाला चिकटूनच येणार. त्यात नियतकालिकाचं नाव अवतरणचिन्हात घालायची आपली जुनी रीत. म्हणजे आधी नाव, मग अवतरणचिन्ह, मग चांदण्या आणि त्यांना लगटून प्रत्यय. नेमकी ही रांग नियमात बसत नाही.

मी मिरजेत राहते आणि पुस्तकांचं संपादन, मुद्रितशोधन करते. माझ्याकडे येतात ते गावांचे इतिहास, घराण्यांचे वृत्तान्त, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी, शताब्दी साजरी करणाऱ्या वाचनालयांच्या स्मरणिका. पैसे बेताचे, तळटीपा भरपूर. ही सगळी कामं मी आता मार्कडाउनमध्ये करते. ऐकणारा म्हणतो, 'ते तर प्रोग्रामर लोकांचं ना?' आहे खरं त्यांचंच. पण मराठी हस्तलिखिताला ते फार चांगलं मानवतं, फक्त त्याला थोडं आपल्या वळणावर आणावं लागतं. ते कसं, हे एकदा लिहून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या मजकुरातच थोड्या खुणा घालून लिहायचं, एवढंच हे आहे. ओळीच्या सुरुवातीला `#` (ही जाळी) म्हणजे शीर्षक, `##` म्हणजे उपशीर्षक. शब्दाच्या दोन्ही अंगांना एकेक चांदणी म्हणजे जोर (तिरपं), दोन-दोन म्हणजे जास्त जोर (ठळक). `>` म्हणजे उतारा, `-` म्हणजे यादीतला मुद्दा. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ही पद्धत जाहीर केली. मदतीला होता ॲरन स्वार्ट्झ, तेव्हा अठराही पूर्ण न झालेला. यातल्या बऱ्याच खुणा लोक ईमेलमध्ये आधीपासून वापरतच होते, शब्दाभोवती चांदण्या, दुसऱ्याच्या मजकुरापुढे बाण. ग्रुबर यांचा आग्रह एवढाच होता की कच्ची फाइलसुद्धा माणसाला सहज वाचता आली पाहिजे. अशी भावंडं आणखी आहेत. मराठी विकिपीडियावर ज्यांनी लेख लिहिलेत त्यांना तीन एकेरी अवतरणचिन्हांनी शब्द ठळक करायची तिथली रीत ठाऊक असेल.

माझे वडील खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी होते. प्रूफ तपासणारा शब्दाखाली नागमोडी रेघ मारायचा आणि ती पाहून वडील काळ्या टाइपाच्या केसकडे, म्हणजे खिळ्यांच्या पेटीकडे, वळायचे. टाइप कुठला, किती पॉइंटचा, याच्याशी रेघ मारणाऱ्याला देणंघेणं नसे. त्याने फक्त 'हा शब्द वेगळा आहे' एवढं सांगायचं. वर्ड आलं आणि ही दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसली. आता लेखकच ठरवतो की पहिल्या प्रकरणाचं शीर्षक १८ पॉइंट, लाल, मध्यभागी. तिसऱ्या प्रकरणापर्यंत येता येता ते १६ पॉइंट, निळं आणि अधोरेखित झालेलं असतं. पाचव्यात लेखकाला एक वाक्य फार आवडतं म्हणून तेही १८ पॉइंटमध्ये. संपादकाने यातलं शीर्षक कोणतं आणि कौतुक कोणतं, हे ओळखत बसायचं.

म्हणून वर्डची फाइल आली की मी पहिल्यांदा ती पॅनडॉकमधून काढते. पॅनडॉक हा एका स्वरूपातली फाइल दुसऱ्या स्वरूपात नेणारा मोफत प्रोग्राम आहे. तो २००६ पासून आहे आणि लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे कॅलिफोर्नियात बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. पॅनडॉकमधून बाहेर पडताना रंग, पॉइंट, मधेच बदललेले फाँट हे सगळं गळून पडतं. मजकूर, ठळक शब्द आणि तळटीपा तेवढ्या उरतात. शीर्षकं मी हाताने लावते. कंटाळवाणं काम, पण एकदा केलं की पुस्तकाचा सांगाडा समोर दिसतो. मार्कडाउनमध्ये शीर्षकाच्या सहा पायऱ्या मिळतात. गावाच्या इतिहासाला तीन पुरतात. चौथी लागली तर प्रकरण चुकीचं पाडलंय असं मी समजते.

एका गुरुजींना मी अशी कच्ची फाइलच छापून दिली, कारण घाई होती आणि पानं लावायला वेळ नव्हता. वाटलं, वैतागतील. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "ताई, ही एक जाळी म्हणजे प्रकरण, दोन म्हणजे त्याच्या पोटातलं, असंच ना?" मी हो म्हटलं. कागद परत आले तेव्हा समासात लाल शाईने त्यांनी स्वतःच दोन जाळ्या काढून एक नवं उपशीर्षक सुचवलं होतं. वय सत्त्याहत्तर. वर्डमधली 'स्टाइल' नावाची गोष्ट मी त्यांना आधीच्या पुस्तकाच्या वेळी पुन्हा पुन्हा समजावली होती, ती काही त्यांच्या गळी उतरली नव्हती.

हल्ली तर निम्मे लेखक व्हॉट्सॲपवरच लिहितात आणि प्रकरणं एकामागून एक पाठवत राहतात. तिथे २०१६ पासून चांदणी आणि अधोरेषा चालतात, २०२४ च्या फेब्रुवारीत याद्या आणि उताऱ्याचा बाणही आला. म्हणजे ज्यांनी मार्कडाउनचं नावही ऐकलेलं नाही ते त्याची चुलत बोली रोज वापरतायत. घोळ एकच. व्हॉट्सॲपमध्ये एक चांदणी म्हणजे ठळक आणि मार्कडाउनमध्ये एक चांदणी म्हणजे तिरपं. तिकडचा मजकूर इकडे घेताना एकाच्या दोन कराव्या लागतात. शोधा-बदलाने होतं, पण गुणाकाराच्या चांदण्या आणि शिव्या झाकायला घातलेल्या चांदण्या डोळ्यांनी बघूनच सोडवाव्या लागतात. आठवणींच्या पुस्तकात शिव्या बऱ्याच असतात.

आता त्या रुसव्याकडे. ग्रुबर यांनी नियम सैलसर शब्दांत सांगितले होते, त्यामुळे प्रत्येक साधन आपापला अर्थ लावत होतं. २०१४ मध्ये मॅकफार्लेन आणि इतर काही जणांनी कॉमनमार्क नावाने काटेकोर नियमावली मांडली आणि आज बरीच साधनं तीच पाळतात. चांदणी शब्दाला सुरुवात करते आहे की शेवट, हे ती आजूबाजूची अक्षरं बघून ठरवते. शेवटच्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्या पुढे मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह हवं, तरच त्या बंद होतात. `**'केसरी'**मध्ये` यात आधी अवतरणचिन्ह आहे आणि पुढे सरळ 'म'. झालं. यंत्राला वाटतं, इथून काहीतरी नवीन ठळक सुरू होतंय. चिनी, जपानी, कोरियन लिहिणाऱ्यांचंही अगदी हेच रडगाणं आहे.

अधोरेषेचं तर त्याहून कडक. `*केसरी*मध्ये` चालतं, `_केसरी_मध्ये` चालत नाही. प्रोग्रामर लोक नावं ठेवताना दोन शब्द अधोरेषेने जोडतात, ती नावं तिरपी होऊ नयेत म्हणून अक्षरांच्या मधोमध आलेली अधोरेषा खूण धरायचीच नाही असं ठरलेलं आहे. त्यांच्या दृष्टीने बरोबर. विभक्तीच्या दृष्टीने ती अधोरेषा निकामी. मराठीत जोर द्यायला अधोरेषा वापरूच नये, हा माझा पहिला नियम.

चिन्हांची अदलाबदल केली, म्हणजे `'**केसरी**'मध्ये` असं लिहिलं, तर काम भागतं. चांदण्या आत, अवतरण बाहेर. कुणी `**'केसरी'**-मध्ये` असा जोडरेघेचा उपाय सुचवतात. यंत्राला तो पटतो, मला नाही. यंत्राच्या सोयीसाठी छापील मराठीत नसलेली रेघ का घालायची?

मी शेवटी वेगळीच वाट धरली, आणि ती सापडली ती तिरप्या अक्षरांच्या रागातून. देवनागरीच्या बऱ्याच फाँटांत तिरपा अवतार नसतोच. मग ब्राउझर किंवा वर्ड सरळ अक्षरं ओढून कलती करतं. शिरोरेषा आडवीच राहते आणि काने, वेलांट्या सगळ्या वाऱ्यात सापडल्यासारख्या एका अंगाला झुकतात. वाचवत नाही. वडिलांच्या छापखान्यात तिरप्या देवनागरीची केस मी कधी पाहिली नाही. नाव वेगळं दाखवायचं तर एकेरी अवतरण, जोर द्यायचा तर काळा टाइप, एवढ्यावर त्यांचं भागायचं. तेव्हा मी ठरवलं की हस्तलिखितात नियतकालिकांची, पुस्तकांची, नाटकांची नावं फक्त एकेका चांदणीत लिहायची आणि अवतरणचिन्ह टंकायचंच नाही. `*केसरी*मध्ये`, `*केसरी*ने`, `*केसरी*चा`. पॅनडॉकला लुआ भाषेत लिहिलेली चार ओळींची गाळणी जोडता येते, म्हणजे मजकूर बाहेर पडताना त्यात हवा तो फेरफार करता येतो. माझी गाळणी एकेरी चांदणीतलं प्रत्येक नाव तिरपं करण्याऐवजी अवतरणचिन्हात घालते. छापून येतं ते शिस्तीत 'केसरी'मध्ये. चांदणीच्या आधी विरामचिन्हच उरलं नाही, त्यामुळे नियमावलीही खूश.

याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. लेखक कधी एकेरी अवतरण घालतो, कधी दुहेरी, कधी सरळ, कधी वाकडं. गाळणी लावल्यापासून सगळ्या पुस्तकभर एकच प्रकार राहतो. उद्या प्रकाशक म्हणाला की नावं ठळक हवीत, तर गाळणीतली एक ओळ बदलायची. हस्तलिखिताला हात लावायचा नाही.

कळफलकाची कथा मात्र वेगळी. मी इनस्क्रिप्ट वापरते. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला हा आराखडा अक्षरांसाठी उत्तम आहे, पण मार्कडाउनच्या खुणांवर त्याने नेमका वरवंटा फिरवलाय. जाळीच्या जागी हलंत-र येतो, चांदणीच्या जागी 'श्र', अधोरेषेच्या जागी विसर्ग, चौकटी कंसाच्या जागी 'ड', आणि उताऱ्याचा बाण मारायला जावं तर दंड (।). वाचला तो बिचारा छोटा आडवा डॅश आणि साधे गोल कंस. म्हणजे एक शब्द ठळक करायचा तर इंग्रजीत जा, दोन चांदण्या मारा, मराठीत या, शब्द लिहा, पुन्हा इंग्रजीत जा. याला कंटाळून लोक मार्कडाउन सोडतात, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या भाच्याने लिनक्स या संगणकप्रणालीतली कळफलकाची फाइल बदलून या सगळ्या खुणा उजव्या ऑल्ट कळीसोबत बसवून दिल्या. तेव्हापासून सुख आहे. जे उच्चारानुसार, रोमन अक्षरांतून टंकतात, त्यांना हा त्रास कळणारच नाही.

आकड्यांचं दुखणं अजून आहे. कॉमनमार्कच्या मते क्रमांकित यादी फक्त आंतरराष्ट्रीय आकड्यांनीच सुरू होते. `१.` `२.` `३.` असं एकाखाली एक लिहिलं तर यादी होत नाही, तिन्ही ओळी एका परिच्छेदात गोळा होतात. लेखकांना हे समजावणं कठीण, कारण कच्च्या फाइलमध्ये सगळं व्यवस्थित दिसत असतं. मी एक छोटी आज्ञा चालवून ओळीच्या सुरुवातीचे देवनागरी आकडे बदलून घेते. वेबपान असेल तर तिथे आकडे देवनागरी दाखव म्हणून एका ओळीत सांगता येतं, पुस्तकाच्या पीडीएफसाठी लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामला तसं सांगावं लागतं. याची उलटी गंमत अशी की परिच्छेद सालाने सुरू झाला आणि सालापुढे पूर्णविराम असला, तर इंग्रजीत त्याची १९६० क्रमांकापासून सुरू होणारी यादी होऊन बसते. देवनागरीत '१९६०.' लिहिणारा सुरक्षित. इतिहासाच्या पुस्तकांत हा आशीर्वादच आहे.

तक्त्यांबद्दल एकच वाक्य: उभ्या रेघांनी केलेले तक्ते देवनागरीत टंकताना कधीही सरळ दिसत नाहीत, कारण जोडाक्षरांची रुंदी सारखी नसते, म्हणून वंशावळी आणि जमाखर्च मी वेगळ्या फाइलीत ठेवते.

मार्कडाउनमध्ये नुसती ओळ मोडली तर परिच्छेद मोडत नाही. त्यासाठी मधे रिकामी ओळ लागते. याचा उपयोग करून मी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिते. संगणकशास्त्रज्ञ ब्रायन कर्निघन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीवर लिहिणाऱ्यांना १९७४ सालीच हा सल्ला दिला होता. दुरुस्त्या तपासताना नेमकं कोणतं वाक्य बदललं ते दिसतं. त्याहून मोठं म्हणजे वाक्यांची लांबी डोळ्यांत भरते. सहा ओळी वाहत जाणारं एक वाक्य, त्याखाली आणखी एक तसंच, त्याखाली 'असो.' एवढं एकटंच. लेखकाला ही फाइल नुसती दाखवली तरी तो स्वतःच कात्री मागतो. 'असो' मी सहसा ठेवते.

कवितेला हाच नियम नडतो. ओव्या आणि अभंग जसेच्या तसे चिकटवले की चारही चरण एका ओळीत येतात. ग्रुबर यांची मूळ युक्ती अशी की ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या. न दिसणारी खूण ही खूण नव्हे, असं माझं स्वच्छ मत आहे. वर बरेच संपादक-प्रोग्राम शेवटच्या मोकळ्या जागा कचरा समजून झाडून टाकतात. कॉमनमार्कमध्ये ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ चालते, ती निदान दिसते. पॅनडॉकच्या स्वतःच्या बोलीत ओळीच्या आरंभी उभी रेघ देऊन पद्य लिहिता येतं, ते दिसायला छान आहे, पण अभंगाच्या शेवटी दंड आणि सुरुवातीला त्याच्यासारखीच रेघ म्हटल्यावर मुद्रितशोधकाचा गोंधळ ठरलेला. आणखी एक: चरण मध्यभागी दिसावेत म्हणून कुणी चार मोकळ्या जागा सोडल्या की मार्कडाउन त्याला संगणकाचा कोड समजतं आणि तुकोबा करड्या चौकटीत जाऊन बसतात.

दंडावरून आठवलं. 'श्री'च्या दोन्ही बाजूंना खरा दुहेरी दंड देण्याऐवजी दोन उभ्या रेघा टंकायची सवय सगळ्यांना आहे. पोरांच्या गप्पांच्या काही ॲपमध्ये दोन उभ्या रेघांमधला मजकूर म्हणजे 'रहस्य फोडू नका, झाकून ठेवा' असा अर्थ होतो. भाच्याने मित्रमंडळींच्या गटात गणपतीचं आमंत्रण टाकलं, तर वरची 'श्री गणेशाय नमः' ही ओळ काळ्या पट्टीखाली. दर्शनासाठी बोटाने दाबावं लागत होतं.

जुना मजकूर असेल तर या सगळ्याच्या आधी वेगळीच धुलाई करावी लागते. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. रूपांतर केल्यावरही खोडी उरतात. 'वाऱ्यावर'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी साठवलेला असू शकतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकसारखे. शोध घेतला की निम्मे 'वारे' सापडतच नाहीत आणि सूचीत एकच शब्द दोनदा येतो. साध्या मजकुराच्या फाइलीत हे एका आज्ञेत सरळ करता येतं, म्हणून मी ते सुरुवातीलाच उरकते.

सध्या हाती आहे ते एका निवृत्त बाईंचं व्याकरणाचं पुस्तक. `घरा**ने**`, `नदी**ला**` असे प्रत्यय ठळक करणं सोपं गेलं. पण सामान्यरूपाच्या प्रकरणात त्यांना 'घर'चं 'घरा' होताना आलेला नुसता काना ठळक हवा आहे. र आणि काना यांच्या मधे चांदण्या घातल्या की काना निराधार होतो आणि त्याच्या डाव्या बाजूला ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. `घ**रा**ने` असं पूर्ण अक्षर ठळक करू या, म्हटलं. बाई म्हणाल्या, "अगं, मग मुलांना वाटेल र पण नवीन आलाय." त्यांचं खरं आहे. शेवटी त्या प्रकरणातली उदाहरणं त्यांनी दोन रंगांच्या शाईने हाताने लिहून दिली, मी ती स्कॅन करून उद्गारचिन्ह आणि कंसांच्या खुणेने फाइलीत जोडली. आता प्रत्येक चित्रासाठी, ज्यांना ते दिसणार नाही त्यांच्याकरता, वर्णनाचा मजकूर लिहायचा आहे. 'घर या शब्दातील काना लाल' असं बाईंनी सुचवलंय. 'घरा' म्हणायला हवं की 'घर', यावर आमचा वाद चालू आहे.